सॉफ्टवेअर सिंथ निवडताना: कानाने काय ऐकायचं, हाताने काय तपासायचं

गोव्यात घरी बसून संगीत करणाऱ्यांचं गणगोत मोठं आहे. कुणी हणजूण-वागातोरच्या ट्रान्सवर वाढलेला, कुणी कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी आपल्या संस्थेच्या नाटकाचं पार्श्वसंगीत करणारी, कुणी देवळातल्या भजनाला नव्या पोताची साथ शोधणारा. बहुतेकांच्या लॅपटॉपवर आता एकाहून जास्त सॉफ्टवेअर सिंथेसायझर असतात, आणि भेटल्यावर प्रश्न ठरलेला: आवाज कुठल्याचा चांगला? सिरम की व्हायटल? डिव्हा खरंच इतका भारी आहे का? फुकट मिळणारा सर्ज पुरतो का?

माझं म्हणणं आधीच सांगते. आजच्या चांगल्या सिंथांच्या मूळ आवाजात फरक असतो, पण तो थोडा असतो आणि ठरावीक जागीच सापडतो. त्या जागा माहीत झाल्या की कुणालाही तो ऐकू येतो. मांडणीतला फरक, म्हणजे पडद्यावर काय कुठे दिसतं आणि हात आपसूक कुठे जातो यातला फरक, मात्र फार मोठा असतो. तुमच्या हातून शेवटी कुठला आवाज निघणार हे बरंचसं तोच ठरवतो. आपण आवाजावर तासन्‌तास वाद घालतो आणि मांडणीचा विषय ‘दिसायला छान आहे’ एवढ्यावर संपवतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यामुळे कितीतरी जण वर्षानुवर्षं प्रीसेटच्या, म्हणजे आधीच बनवून दिलेल्या आवाजांच्या, पलीकडे जात नाहीत.

पट्टी दाबल्यावर काय होतं

सॅम्पलर आणि सिंथ यांत गल्लत होते, म्हणून आधी तेवढं. सॅम्पलरमध्ये खरा पियानो किंवा खरी सतार ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असते आणि पट्टी दाबली की ते मुद्रण वाजतं. सिंथचं मुख्य काम वेगळं आहे. पट्टी दाबल्यावर संगणक त्या क्षणी गणित करून आवाज घडवतो. सीडीच्या दर्जाचा आवाज हवा असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि तेही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळे.

हे गणित साधारण एकाच वाटेने जातं. ऑसिलेटर कच्चा सूर काढतो. फिल्टर त्यातले काही अंश कापतो, काही उठवतो. एन्व्हलप ठरवतो की आवाज किती झटकन उठेल, किती वेळ टिकेल, बोट उचलल्यावर कसा विझेल. एलएफओ म्हणजे कानाला न ऐकू येणारी संथ लहर. ती एखाद्या नॉबला सतत हलवत राहते, म्हणून आवाज थरथरतो, झुलतो, फिरतो. एन्व्हलप किंवा एलएफओ कुठल्या नॉबला जोडायचा या कामाला मॉड्युलेशन म्हणतात. सिंथचा जीव तिथे असतो.

कच्चा सूर कसा काढायचा यावरून घराणी पडली. १९७० च्या मिनिमूगसारखी यंत्रं भरगच्च सूर घेऊन फिल्टरने कापत जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चौनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीत एक लहर दुसरीला इतक्या वेगाने डोलवते की नवे स्वरांश जन्माला येतात. यामाहाने ती पद्धत १९८३ च्या डीएक्स७ मधून घरोघरी नेली. तिसरं घराणं वेव्हटेबलचं. लहरीचे अनेक आकार एका रांगेत ठेवायचे आणि वाजता वाजता एकातून दुसऱ्यात सरकायचं. स्टीव्ह ड्यूडा यांचा सिरम (२०१४) आणि मॅट टायटेल यांचा व्हायटल (२०२०) मुख्यतः या घराण्यातले. दोघांच्याही वेव्हटेबलमध्ये २५६ पर्यंत आकार मावतात आणि प्रत्येक आकार २,०४८ आकड्यांचा असतो. कागदावर ही भावंडंच आहेत.

फरक ऐकू येतो त्या जागा

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे एलिअसिंग. हे नीट समजून घ्या, कारण ‘हा सिंथ डिजिटल वाटतो’, ‘टोचतो’, ‘स्वस्त वाटतो’ या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

सेकंदाला ४४,१०० आकडे लिहिले तर त्यांत त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२,०५० हर्ट्‌झपर्यंतचेच स्वरांश मावतात. आता समजा तुम्ही ‘सॉ’, म्हणजे करवतीच्या दात्यासारख्या आकाराच्या, तरंगावर ३,००० हर्ट्‌झचा उंच सूर वाजवला. सॉ तरंगात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे स्वरांश असतात. सातवा २१,००० वर आहे, तो मावतो. आठवा २४,००० वर, तो मावत नाही. पण तो नाहीसाही होत नाही. ४४,१०० मधून वजा होऊन २०,१०० वर उतरतो. चौदावा ४२,००० चा, तो येतो २,१०० वर. पंधरावा ४५,००० चा, तो येतो थेट ९०० वर. म्हणजे तुम्ही वाजवलेला सूर ३,००० चा आणि त्याच्या खाली २,१०० आणि ९०० चे दोन उपरे सूर वाजायला लागतात, ज्यांचं मूळ सुराशी कसलंच नातं नाही. मोबाइलने छतावरच्या पंख्याचं चित्रीकरण केलं की पाती उलटी फिरताना दिसतात ना, तसंच हे. नोंदी अपुऱ्या वेगाने घेतल्या की खऱ्या गतीच्या जागी खोटी गती उमटते.

हे तपासायला विशेष साधन लागत नाही. सगळे इफेक्ट बंद करा, एकच सॉ ठेवा, फिल्टर पूर्ण उघडा, सगळ्यात वरच्या सप्तकात जा आणि ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लावून सूर सावकाश वर न्या. सूर वर जात असताना आतून एखादी बारीक शिट्टी खाली येताना ऐकू आली, तर ते एलिअसिंग. चांगले सिंथ दोन उपाय करतात. एक, प्रत्येक सप्तकासाठी जादा स्वरांश आधीच छाटलेली लहर वापरतात. दुसरा, आतलं गणित दुप्पट किंवा चौपट वेगाने करून मग खाली आणतात, याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. सिरमचं नाव झालं ते याच स्वच्छपणामुळे. व्हायटलमध्ये ओव्हरसॅम्पलिंग किती ठेवायचं ते आपल्या हातात असतं, त्यामुळे प्रोसेसरवरचा भारही आपणच ठरवतो.

पण साध्या सॉवर परीक्षा थांबवू नका. एफएम आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) दोन्ही नवे स्वरांश निर्माण करतात, म्हणून तिथे एलिअसिंग पुन्हा डोकं वर काढतं. साध्या सुरात स्वच्छ वाटणारा सिंथ डिस्टॉर्शन लावल्यावर किरकिरा होऊ शकतो. आणि ही किरकिर दर वेळी वाईटच असते असंही नाही. सर्जमध्ये मुद्दाम एलिअसिंग करणारा ‘एलिअस’ नावाचा ऑसिलेटरच दिलेला आहे. डीएक्स७ ची नक्कल करणाऱ्या डेक्स्ड या मोफत सिंथमध्ये आजचं स्वच्छ गणित आणि जुन्या यंत्राचं खरबरीत गणित यांतलं एक निवडता येतं. जुन्या नाटकाच्या टेपचा काळ उभा करायचा असेल तर मी खरबरीतच घेईन.

दुसरी जागा फिल्टरची, आणि ‘अ‍ॅनालॉग ऊब’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातला मोठा भाग इथे आहे. रेझोनन्सचा (फिल्टर जिथे कापतो तिथलाच स्वरांश उठवण्याचा) नॉब चढवला की फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा त्याच्याच तोंडाशी नेला जातो. विजेच्या मंडलात हे जवळजवळ तत्क्षणी होतं. संगणकात जुन्या, सोप्या पद्धतीने केलं तर एका आकड्याचा उशीर होतो. एक भागिले ४४,१०० सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण १०,००० हर्ट्‌झच्या लहरीचं एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे साडेचार आकडेच लागतात. त्यात एका आकड्याचा उशीर म्हणजे जवळपास पाव आवर्तन. मग वरच्या पट्टीत रेझोनन्सचा सूर घसरतो, फिल्टर ओरडायचा तिथे कुंथतो.

यावर तोडगा असा की आत येणारा आणि बाहेर पडणारा आवाज एकाच क्षणाचे धरून समीकरण सोडवायचं, तेही प्रत्येक आकड्यासाठी. बर्लिनच्या यू-हे कंपनीचा डिव्हा (२०११) यासाठीच गाजला. त्यात दर्जाच्या चार पायऱ्या आहेत, ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन. सर्वांत वरच्या पायरीवर साधा लॅपटॉप काही सुरांतच धापा टाकतो. हा फरक खरा आहे. फिल्टर जवळजवळ बंद करून, रेझोनन्स बराच चढवून, त्यावर ड्राइव्ह (आवाज जोराने ढकलून थोडा फाडणं) देऊन सावकाश उघडत जा, दहापैकी बहुतेकांना तो कळेल. फिल्टर उघडा ठेवून लांबलचक पॅड (मागे भरून राहणारा संथ सूर) वाजवला तर मात्र कळेलच असं नाही. म्हणून तुमच्या कामात किंचाळणारे फिल्टर नसतील तर या गुणासाठी पैसे मोजायची घाई नको.

बाकीच्या जागा लहान आहेत. सूर दर वेळी लहरीच्या त्याच बिंदूपासून सुरू होतो की कुठूनही, हे बघा. बेसला तोच बिंदू बरा, ठोका दर वेळी सारखा बसतो. पॅडला कुठूनही सुरू झालेला बरा, नाही तर पाठोपाठचे सूर शिक्का मारल्यासारखे येतात. एन्व्हलप किती चपळ आहे हे तपासायला घुमटाचा (गोव्यातल्या मडक्याच्या तालवाद्याचा) ठोका बांधून बघा. मडक्याच्या तोंडावर ताणलेलं कातडं (घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळाल्यापासून ते बकऱ्याचं), दुसऱ्या तोंडावर उघडझाप करणारा पंजा. साधी साइन लहर घ्या, तिचा सूर सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांत झपकन खाली आणा, किंचित खरखर मिसळा. पंज्याच्या उघडझापेसाठी फिल्टर हाताने हलवा. आळशी एन्व्हलप असेल तर ठोका ‘ध्‌’ न येता ‘व्वा’ येतो, लगेच समजतं.

तुलना खरी व्हायची तर

दोन सिंथांचे प्रीसेट एकामागून एक वाजवून मत बनवणं म्हणजे प्रीसेट बनवणाऱ्यांची तुलना झाली. बहुतेक तयार प्रीसेटांवर रिव्हर्ब, डिले, कॉम्प्रेसर यांचा जाड थर असतो, शिवाय ते मोठ्या आवाजात ठेवलेले असतात. कानाचा स्वभाव असा की एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज त्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून दोन्हीकडे रिकामा, इनिशियल पॅच (पॅच म्हणजे सगळ्या नॉबांची एक जुळणी) उघडा, एकसारखी जुळणी करा, तीच मिडी ओळ (कुठली पट्टी केव्हा, किती दाबली याची संगणकी नोंद) दोन्हींतून वाजवून ध्वनिमुद्रण करा, मीटरवर पातळी समान करा, आणि फाइलींची नावं घरातल्या कुणाला तरी बदलायला सांगा. मग ऐका. ज्या फरकावर तुम्ही पैज लावायला तयार होता तो असा ऐकल्यावर पुष्कळदा विरघळतो. जो उरतो तो खरा, आणि तो बहुधा वर सांगितलेल्या जागांपैकीच एकीत असतो.

मांडणी आवाज घडवते

गोव्यापुरतं बोलायचं तर याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच वाजलं. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र १९८१ चं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी यासाठी काढलेलं. बेस गिटारशी त्याच्या आवाजाचा काडीचा संबंध नव्हता, आणि त्यात ओळ भरायची पद्धत फार अवघड होती. सूर एका खेपेत भरायचे, ताल दुसऱ्या खेपेत. दोन्ही मनात एकत्र धरता येत नसल्याने भरायला एक जायचं आणि वाजायचं भलतंच. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. ती शिकागोच्या तरुणांच्या हाती पडली. त्यांनी त्या भलत्याच ओळी तशाच वाजू दिल्या आणि वरच्या बाजूला असलेले कटऑफ (फिल्टर कुठून कापतो ते), रेझोनन्स, डिके, अ‍ॅक्सेंटचे नॉब वाजता वाजता फिरवायला सुरुवात केली. पुढे नव्वदच्या दशकात हणजूणच्या पार्ट्यांत रात्रभर जो पिळवटत जाणारा, चिवचिवणारा सूर घुमायचा आणि ज्याला जग गोवा ट्रान्स म्हणून ओळखतं, त्याचा मोठा भाग याच यंत्राच्या हातवळणाचा आहे.

इथे यंत्राच्या दोन गोष्टींनी संगीत घडवलं. ओळ भरायची अडचणीची पद्धत, आणि बोटांखाली उघडे ठेवलेले मोजके नॉब. हेच नॉब एखाद्या मेनूच्या तिसऱ्या पानावर असते तर ते कुणी मिनिटन्‌मिनिटं सावकाश फिरवत बसलं नसतं. १९९७ च्या सुमारास स्वीडनच्या प्रॉपेलरहेडने रीबर्थ हे सॉफ्टवेअर काढलं तेव्हा त्यांनी ३०३ चं नुसतं गणित उतरवलं नाही, त्या यंत्राचा चेहराही जसाच्या तसा पडद्यावर आणला. ते त्यांचं शहाणपण होतं.

उलट टोकाला डीएक्स७. सहा ऑपरेटर (एकमेकांना डोलवणाऱ्या लहरी), ते एकमेकांना जोडायच्या ३२ रीती, आणि हे सगळं बदलायला दोन ओळींचा चिमुकला पडदा आणि एकच सरकपट्टी. एका वेळी एकच आकडा दिसायचा. आत अफाट शक्यता असूनही जगभरच्या वादकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले, आणि ऐंशीच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत तोच एक काचेरी इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. डेक्स्ड हीच विद्या मोफत देतो, जुन्या डीएक्स७ चे पॅच त्यात सरळ उघडतात, आणि सहाही ऑपरेटर एकाच पडद्यावर, प्रत्येकाच्या एन्व्हलपच्या आलेखासह दिसतात. पद्धत तीच असली तरी काय कुठे आहे हे दिसू लागल्याने एफएम पहिल्यांदाच शिकण्याजोगं वाटतं.

आता आजचे सिंथ बघू. सिरमचं मोठं काम असं की त्याने लहर डोळ्यांसमोर ठेवली. एलएफओ उचलून नॉबवर टाकला की जोडणी झाली, आणि नॉबभोवतीची रंगीत कमान सांगते की तो किती हलणार. व्हायटलने याच्या पुढे जाऊन सगळं जिवंत केलं. प्रत्येक नॉब ज्या क्षणी जितका हलतो तितका हलताना दिसतो. शिकवण्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. एलएफओ म्हणजे काय हे तोंडाने सांगायला वेळ लागतो, व्हायटलमध्ये दाखवायला लागत नाही. मूळ व्हायटल मोफत आहे, त्यामुळे म्हापशाच्या विद्यार्थ्याला आणि बर्लिनच्या निर्मात्याला सुरुवातीलाच सारखं हत्यार मिळतं, ही मला मोठी गोष्ट वाटते. आर्टुरियाच्या पिग्मेंट्समध्ये सगळे मॉड्युलेशन एका रंगीत पट्ट्यात पडद्याच्या मधोमध धावत असतात, कशामुळे काय हलतंय हे शोधावं लागत नाही.

या दृश्य मांडणीचा एक धोकाही आहे. आलेख सुंदर हलतोय म्हणून आवाजही सुंदर आहे असं वाटायला लागतं. नॉब ‘बरोबर जागी’ थांबवायचा मोह होतो, गोल आकड्यावर, आलेखाच्या मध्यावर. माझा नियम असा की पॅच बांधून झाला की खिडकी मिटायची आणि डोळे बंद करून नॉब फिरवायचा.

डिव्हात मुख्य जागा आलेखांना दिलेली नाही. समोर जुन्या यंत्रासारखं पॅनेल. ऑसिलेटर एका जुन्या यंत्राच्या धर्तीचा घ्या, फिल्टर दुसऱ्याच्या, असे तुकडे जोडता येतात, पण प्रत्येक तुकड्यावर नॉब मोजकेच. कच्चा सूर डावीकडे, फिल्टर पुढे, अशी ही मांडणी मिनिमूगपासून आलेली आहे आणि अजून टिकली आहे ती उगाच नाही, कारण आवाज ज्या वाटेने जातो त्याच वाटेने नजर जाते. डिव्हात माझ्या हातून वाईट आवाज निघणं अवघड जातं. त्यात फिल्टरच्या गणिताइतकाच वाटा या मर्यादेचा आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि सर्ज एक्सटी. क्लेस योहान्सन यांनी आधी विकला जाणारा आपला सिंथ २०१८ मध्ये मुक्तस्रोत केला आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवत आहेत. बारा प्रकारचे ऑसिलेटर, प्रत्येक आवाजात दोन ‘सीन’, म्हणजे एकाच पॅचमध्ये दोन स्वतंत्र जुळण्या. पहिल्या नजरेला दाटीवाटी वाटते, नॉबऐवजी आडव्या सरकपट्ट्या, बारीक अक्षरं (झूम करता येतात). पण तर्क एकसारखा आहे. एलएफओचं बटण दाबलं की तो कुठे कुठे जोडलाय ते सगळ्या पट्ट्यांवर एकदम दिसतं. शिवाय न दिसणाऱ्या वादकांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने आणि नुसत्या कळफलकाने हा सिंथ वापरता येतो. मांडणीची तुलना करताना रंग आणि आलेख यांच्याबद्दल एवढं बोललं जातं आणि याबद्दल जवळजवळ नाही. दृष्टिहीन संगीतकारासाठी हा एकच निकष बाकी सगळ्या वादांपेक्षा मोठा आहे.

मांडणी तपासायची माझी रीत साधी आहे. मार्गदर्शक व्हिडिओ न बघता, रिकाम्या पॅचपासून एक बेस, एक लांब पॅड आणि तो घुमटाचा ठोका बांधायचा. हात कुठे अडतो, कुठल्या गोष्टीसाठी पान बदलावं लागतं, चुकून काही जोडलं तर ते सापडतं का, हे बघायचं. आणि आठवड्याने तोच पॅच उघडून तो कसा बनवला होता हे दोन मिनिटांत वाचता येतं का, तेही. यात जो सिंथ उतरला तो तुमचा.

शुद्ध गांधार कुठे ठेवायचा

बाहेरच्या तुलनांमध्ये हा मुद्दा क्वचित येतो, पण भजन, अभंग, नाट्यगीत करणाऱ्यांसाठी तो पहिल्या क्रमांकाचा आहे. सिंथ मुळात समान अंतराच्या बारा स्वरांवर चालतो. त्यातला गांधार षड्जापासून ४०० सेंट्सवर (१०० सेंट्स म्हणजे एक अर्धस्वर). तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा, गायकाच्या गळ्यात बसलेला शुद्ध गांधार असतो सुमारे ३८६ वर. चौदा सेंट्स म्हणजे झटक्यात सरणाऱ्या तानेत काही नाही, पण पॅडचा लांब धरलेला गांधार गायकाच्या गांधारावर सतत घासत राहतो. पेटीबद्दलची जुनी तक्रार इथे दुपटीने लागू होते, कारण सिंथचा सूर पेटीपेक्षा लांब आणि भरीव असतो.

सर्ज, व्हायटल आणि डेक्स्डमध्ये स्काला नावाच्या साध्या मजकूर फाइलीतून स्वरांची अंतरं बदलता येतात. ती फाइल तुम्ही स्वतः लिहू शकता. फक्त षड्ज कुठे आहे ते सांगायला विसरू नका. फाइल सहसा पांढरी एकला षड्ज धरते. गायिकेची पट्टी काळी चार असेल आणि तुम्ही मूळ न बदलता तिथून वाजवलंत तर सगळी अंतरं चुकीच्या स्वरांवर पडतील आणि आवाज आधीपेक्षा बेसूर होईल. सर्जमध्ये त्यासाठी कीबोर्ड मॅपिंगची वेगळी फाइल देता येते.

मींडेचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे. मिडीतल्या साध्या नॉबला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात. २० ते २०,००० हर्ट्‌झ म्हणजे साधारण दहा सप्तकं, १२० अर्धस्वर. म्हणजे बाहेरच्या नॉबने फिल्टर पूर्ण फिरवला तर एकेक पायरी जवळपास एका अर्धस्वराची पडते, आणि सिंथने ती मऊ केली नाही तर जिना चढल्यासारखं ऐकू येतं (हीसुद्धा दर्जा तपासायची एक जागा). पिच बेंडला मात्र १६,३८४ पायऱ्या आहेत. बेंडचा पल्ला वर-खाली एक सप्तक ठेवला तरी पायरी दीड-दशांश सेंटची, कुठल्याही कानाला अखंड. बहुतेक सिंथांत हा पल्ला मुळात दोन अर्धस्वरांचा असतो, तो वाढवून घ्या. एमपीई पद्धतीचा कीबोर्ड असेल तर प्रत्येक बोटाखालच्या सुराला वेगळी मींड देता येते. व्हायटल आणि सर्ज दोन्ही ती समजतात.

लॅपटॉप, उकाडा, रंगमंच

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर सिंथपेक्षा बफरवर (एका वेळी किती आकडे तयार करून पुढे पाठवायचे त्या साठ्यावर) अवलंबून असतो. २५६ आकड्यांचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १२, १,०२४ म्हणजे २३. तबल्याबरोबर वाजवायचं तर २३ चालत नाहीत. पण बफर लहान केला की प्रोसेसरवर ताण येतो, आणि मे महिन्यात देवळाच्या मंडपात लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो तेव्हा घरी सुरळीत चाललेला डिव्हा तडतडायला लागतो. म्हणून रंगमंचासाठी हलका सिंथ आणि घरच्या ध्वनिमुद्रणासाठी जड, अशी वाटणी करावी. विंगेतल्या अंधारात प्रीसेटचं नाव हातभर अंतरावरून वाचता येतं का, हाही मांडणीचाच भाग आहे.

नाटकाच्या पार्श्वसंगीतात तर प्रयोगाच्या वेळी सिंथ उघडण्याची गरजच नसते. प्रत्येक प्रवेशाचा तुकडा आधीच डब्ल्यूएव्ही फाइल करून ठेवा, म्हणजे लॅपटॉप बदलला तरी अडत नाही. पॅचही जपून ठेवा, त्याबरोबर सिंथची आवृत्ती, ट्यूनिंगची फाइल आणि षड्ज कुठल्या पट्टीवर धरला होता ते लिहून ठेवा. पुढच्या उत्सवात तेच नाटक पुन्हा उभं राहिलं आणि गायिका बदलली, तर नवी पट्टी तिथून धरता येते.